लाल त्रिकोण हिरवा होईना: सिम्युलेटरमधली राउटर लिंक का उठत नाही

जालना, परभणी, नांदेड अशी नावं देऊन तीन राउटर पॅकेट ट्रेसरमध्ये (सिस्कोचा नेटवर्क सिम्युलेटर) रांगेत मांडायचे, मधे केबल ओढायची, आयपी पत्ते टाकायचे आणि पिंग मारायचा, म्हणजे समोरून उत्तर येतं का बघायचं. पॉलिटेक्निक असो, बीसीए असो की बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, राउटिंगची सुरुवात थोड्याफार फरकाने अशीच होते. आणि अडतंही पहिल्याच पायरीवर: केबलच्या दोन्ही टोकांना लाल त्रिकोण, आणि ते काही केल्या हिरवे होत नाहीत. मग केबल काढून परत लावा, राउटर डिलीट करून नवा आणा, फाइल बंद करून उघडा. यात अर्धा तास सहज जातो. दोष मात्र राउटरने एका ओळीत सांगून ठेवलेला असतो.

ती ओळ वाचायची कमांड आहे ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप अर्थातच नेहमीसारख्या इंग्रजीत करायच्या.) उत्तरात प्रत्येक पोर्टची एक ओळ येते. त्यातले शेवटचे दोन रकाने महत्त्वाचे, स्टेटस आणि प्रोटोकॉल. पहिला सांगतो की पोर्टपर्यंत सिग्नल पोचतोय का. दुसरा सांगतो की त्या सिग्नलवर दोन्ही टोकांची भाषा जुळली का.

विहिरीवरची मोटर डोळ्यासमोर आणा. स्टार्टर आपणच बंद ठेवलाय, ही झाली ‘अॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाऊन’. स्टार्टर दाबला, पण डीपीवरून वीजच येत नाही किंवा मधे वायर तुटली, ही ‘डाऊन, डाऊन’. मोटर घुं घुं फिरते पण फुटव्हॉल्व्ह धरत नाही म्हणून पाणी चढत नाही, ही ‘अप, डाऊन’. आणि ‘अप, अप’ असूनही पिंग जात नसेल तर पाणी चढलंय, फक्त पाइपचं तोंड दुसऱ्याच्या वावरात आहे. चारही ठिकाणी दुरुस्ती वेगळी. फुटव्हॉल्व्ह बिघडलाय म्हणून कोणी डीपीवर चढत नाही. नेटवर्कच्या लॅबमध्ये मात्र सर्रास चढतात.

स्टार्टर बंद आहे

सिस्कोच्या राउटरचं प्रत्येक पोर्ट मुळात बंद असतं, स्विचचं मुळात चालू. नवख्याचा गोंधळ इथूनच सुरू होतो. पीसी ते स्विच केबल लावली की काहीही न करता दिवे हिरवे होतात, म्हणून राउटरकडूनही तीच अपेक्षा राहते. राउटरला सांगावं लागतं: ‘इनेबल’, ‘कॉन्फिगर टर्मिनल’, ‘इंटरफेस गिगाबिट ०/०’, ‘आयपी अॅड्रेस १०.०.१२.१ २५५.२५५.२५५.२५२’ आणि शेवटी ‘नो शटडाऊन’.

पोर्ट उठलं की कन्सोलवर दोन वेगवेगळे संदेश येतात, ते बघायची सवय लावून घ्या. ‘लिंक-५-चेंज्ड’ने सुरू होणारा संदेश स्टेटसचा आणि ‘लाइनप्रोटो-५-अपडाऊन’ हा प्रोटोकॉलचा. पहिला आला आणि दुसरा आलाच नाही, तर कोणत्या रकान्यात घोडं अडलंय हे कमांड न देताही कळतं.

जालन्याचं पोर्ट उघडलं आणि परभणीचं बंदच राहिलं, तर जालन्यावर ‘डाऊन, डाऊन’ दिसतं आणि परभणीवर ‘अॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाऊन’. जालन्याच्या खिडकीत बसून कितीही डोकं लावलं तरी दोष तिथे नाहीच. लिंकला दोन टोकं असतात, म्हणून ही कमांड दोन्हीकडे द्यायची.

आता एक गंमत, जी बहुतेकांना पहिल्यांदा चक्रावते. ‘नो शटडाऊन’ दिलं तरी पोर्ट बंदच राहतं आणि राउटर ‘ओव्हरलॅप्स विथ...’ असं काहीतरी पुटपुटतो. परभणीला दोन लिंक आहेत, जालन्याकडे १०.०.१२.० आणि नांदेडकडे १०.०.२३.०, दोन्ही /३०, म्हणजे मास्क २५५.२५५.२५५.२५२ (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा, हे मास्क सांगतो). पण पत्ते कमांडने न टाकता पॅकेट ट्रेसरच्या ‘कॉन्फिग’ टॅबमधून भरले, तर १० ने सुरू होणारा पत्ता बघून तो मास्कचा रकाना आपणहून २५५.०.०.० असा भरतो. जुन्या क्लास ए चा हा हिशेब. घाईत तो कोणी बदलत नाही. मग परभणीच्या लेखी दोन्ही पोर्टं एकाच भल्यामोठ्या १०.०.०.० नेटवर्कमध्ये येतात. एका राउटरची दोन पोर्टं एकाच नेटवर्कमध्ये चालत नाहीत, त्यामुळे दुसरं पोर्ट तो उघडूच देत नाही. केबल, मॉड्यूल, क्लॉक सगळं ठीक असतं, चुकलेला असतो तो मास्क. त्या टॅबमध्ये मास्क स्वतः बदला, नाहीतर तो टॅब सोडून कमांडनेच काम करा. परीक्षेत शेवटी कमांडच लिहायच्या असतात.

वीज येत नाही

दोन्ही टोकांना ‘नो शटडाऊन’ झालंय आणि तरी ‘डाऊन, डाऊन’ आहे. सगळ्यात जास्त वेळा कारण अगदी साधं निघतं: केबल एका पोर्टात आणि कॉन्फिगरेशन दुसऱ्यावर. केबल गिगाबिट ०/० ला, पत्ता ०/१ ला. पॅकेट ट्रेसरमध्ये ऑप्शन्स, प्रेफरन्सेस इथे जाऊन ‘ऑलवेज शो पोर्ट लेबल्स’वर टिक करा, म्हणजे केबलच्या टोकाशी पोर्टचं नाव कायम दिसत राहील. एवढी एक टिक केली तरी निम्म्या तक्रारी मिटतात.

केबलचा प्रकार पुढचा. राउटर ते राउटर, राउटर ते पीसी आणि स्विच ते स्विच क्रॉसओव्हर, म्हणजे तुटक काळी रेघ. राउटर ते स्विच आणि पीसी ते स्विच स्ट्रेट-थ्रू, सलग काळी रेघ. आजच्या खऱ्या उपकरणांपैकी बरीचशी केबल ओळखून आतल्या आत जुळवून घेतात, म्हणून प्रत्यक्ष नेटवर्कवर काम करणाऱ्याला हा नियम जुनाट वाटेल. सिम्युलेटरमध्ये तो पाळलेला बरा. विजेच्या खुणेची ‘ऑटोमॅटिक’ केबल वापरू नका असंच सांगेन. केबल ती बरोबर निवडते, पण पोर्ट तिच्या मनाने निवडते, आणि मग वरचा पोर्ट-चुकीचा दोष आपण स्वतःच ओढवून घेतो.

स्पीड आणि डुप्लेक्स (दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलायचं की आळीपाळीने) दोन्हीकडे ‘ऑटो’ राहू द्या. एका टोकाला हाताने १०० आणि दुसऱ्याला १००० ठरवलं तर लिंक उठणार नाही. खऱ्या उपकरणात फक्त डुप्लेक्स जुळलं नाही तर लिंक उठते, पण रडतखडत चालते, आणि तो दोष शोधायला जास्त अवघड.

मॉड्यूलचं प्रकरण थोडं सविस्तर बघावं लागेल. पॅकेट ट्रेसरमधल्या २८११, १९४१, २९११ या राउटरांना सिरियल पोर्ट मुळात नसतंच. २८११ ला दोन फास्ट इथरनेट, १९४१ ला दोन गिगाबिट, २९११ ला तीन. सिरियल हवं तर ‘फिजिकल’ टॅबमध्ये जाऊन एचडब्ल्यूआयसी-२टी हे दोन पोर्टांचं मॉड्यूल रिकाम्या खाचेत बसवायचं. राउटर चालू असताना ते बसत नाही. आधी चित्रातलं पॉवर बटण बंद, मग मॉड्यूल, मग बटण चालू. आणि हे बटण खरोखरच वीज घालवतं. ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ न करता बंद केलं तर आधीचे सगळे पत्ते गेले. लोडशेडिंगमध्ये सेव्ह न केलेली फाइल जाते, तसंच हे. ४३२१ आणि ४३३१ या नव्या राउटरांना खाच वेगळी असते, तिथे एनआयएम-२टी लागतं. ४३३१ चं गिगाबिट ०/०/२ हे पोर्ट एसएफपीचं, म्हणजे वेगळा ट्रान्सीव्हर बसवायची खाच असलेलं, आहे. त्यात ट्रान्सीव्हर बसवल्याशिवाय केबलच लागत नाही, आणि ट्रान्सीव्हर फायबरचा असेल तर केबलही फायबरचीच.

मोठ्या स्विचची एक खोडी आहे. ३६५० हा मल्टिलेयर स्विच पॅकेट ट्रेसरमध्ये वीजपुरवठ्याशिवाय येतो. फिजिकल टॅबमधून ‘एसी पॉवर सप्लाय’ ओढून मागच्या खाचेत टाकेपर्यंत तो मेलेलाच. त्याला जोडलेल्या राउटरवर ‘डाऊन, डाऊन’ दिसणारच, आणि आपण राउटरलाच शिव्या घालत बसतो.

स्विचच्या बाजूला नारिंगी ठिपका दिसला तर काहीच करू नका. स्पॅनिंग ट्री (फ्रेम गोल गोल फिरू नयेत म्हणून स्विचमध्ये असलेली यंत्रणा) लूप तपासत असते. ऐकण्याचे १५ सेकंद आणि शिकण्याचे १५, असा अर्धा मिनिट जातो आणि ठिपका हिरवा होतो. घाई असेल तर ‘फास्ट फॉरवर्ड टाइम’चं बटण दोनेकदा दाबा. पण खाली उजवीकडे ‘रिअलटाइम’ऐवजी ‘सिम्युलेशन’ मोड लागलेला असेल, तर घड्याळच थांबलेलं असतं. तुम्ही एकेक पाऊल पुढे ढकलल्याशिवाय तिथे वेळ सरकत नाही, मग ठिपका तासभर नारिंगीच राहील.

मोटर फिरते, पाणी चढत नाही

‘अप, डाऊन’ बहुतेक वेळा सिरियल लिंकवर दिसतं. तपासायच्या गोष्टी तीन: क्लॉक, एन्कॅप्सुलेशन, ऑथेंटिकेशन.

सिरियल केबलच्या एका टोकाने ताल धरायचा असतो, दुसऱ्याने तो घ्यायचा. ताल देणारं टोक डीसीई, घेणारं डीटीई. पॅकेट ट्रेसरमध्ये ‘सिरियल डीसीई’ केबल निवडून पहिल्यांदा ज्या राउटरवर क्लिक कराल तो डीसीई होतो, आणि केबलच्या त्या टोकाशी छोटं घड्याळ दिसतं. त्या पोर्टवर ‘क्लॉक रेट ६४०००’ द्यायचा. नव्या मॉड्यूलवर बऱ्याचदा २०००००० आधीच लागलेला असतो, त्यामुळे हे न शिकताच लिंक उठते आणि जुनं मॉडेल समोर आलं की अडकायला होतं. कोणतं टोक कोणतं हे घड्याळ न बघता ओळखायचं तर ‘शो कंट्रोलर्स सिरियल ०/०/०’ द्या. उत्तराच्या सुरुवातीलाच डीसीई की डीटीई हे लिहिलेलं असतं, डीसीई असेल तर सोबत क्लॉक रेटही.

एन्कॅप्सुलेशन म्हणजे तारेवरची बोली. सिस्को राउटर सिरियलवर मुळात एचडीएलसी बोलतो. परभणीवर कोणीतरी ‘एन्कॅप्सुलेशन पीपीपी’ दिलं आणि नांदेडवर द्यायचं राहिलं, की ताल जुळतो पण बोली जुळत नाही. ‘शो इंटरफेसेस सिरियल ०/०/०’मध्ये ‘एन्कॅप्सुलेशन’ हा शब्द शोधा आणि दोन्हीकडचं उत्तर ताडून बघा.

सगळ्यात जास्त हाल चॅपमध्ये (पीपीपीवर पासवर्डने ओळख पटवायची पद्धत) होतात. दोन्हीकडे पीपीपी आहे, ‘पीपीपी ऑथेंटिकेशन चॅप’ही आहे, तरी ‘अप, डाऊन’. नियम असा की परभणीवर नांदेडच्या नावाचा युजर बनवायचा आणि नांदेडवर परभणीच्या नावाचा. पासवर्ड दोन्हीकडे एकच. निम्मे लोक आपल्याच राउटरवर आपल्याच नावाचा युजर बनवून बसतात. युजरनेम शेजाऱ्याच्या होस्टनेमशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं, लहान-मोठ्या (कॅपिटल) अक्षरांसकट. होस्टनेम नंतर बदललं तरी चालू असलेली लिंक लगेच पडत नाही, ती पडते पुढच्या वेळी बंद-चालू केल्यावर. म्हणून काल चालणारी लिंक आज ‘आपोआप’ बिघडली असं वाटतं. ‘डीबग पीपीपी ऑथेंटिकेशन’ लावा, पोर्ट एकदा शट आणि नो शट करा, कोणत्या बाजूने नकार दिला ते लगेच दिसेल. काम झालं की ‘अनडीबग ऑल’.

पाणी दुसऱ्याच्या वावरात

‘अप, अप’ असूनही पिंग जात नाही, तेव्हा आधी पत्ते. /३० मध्ये वापरायला दोनच पत्ते मिळतात. १०.०.१२.० हे नेटवर्क, .१ आणि .२ वापरायचे, .३ ब्रॉडकास्ट. .३ टाकला तर राउटर ‘बॅड मास्क’ म्हणून हाकलतो, ते बरंच. पण .५ टाकला तर निमूट घेतो, कारण तो पुढच्या /३० मधला चांगला पत्ता आहे, फक्त या लिंकचा नव्हे. पहिल्या पिंगमध्ये पाचपैकी एक टिंब आणि चार उद्गारचिन्हं आली, म्हणजे ८० टक्के, तर तो दोष समजू नका. पहिलं पॅकेट एआरपीची (आयपीवरून समोरच्याचा हार्डवेअर पत्ता विचारायची पद्धत) वाट बघण्यात गेलं. परत पिंग करा, पाचही येतील.

जीएनएसथ्रीमधला हिरवा ठिपका

इथवर राउटरने जे सांगितलं त्यावर आपण विश्वास ठेवला. पॅकेट ट्रेसर तारेची नक्कल प्रामाणिक करतो, म्हणून ते चाललं. जीएनएसथ्री या दुसऱ्या प्रोग्राममध्ये त्या विश्वासाला कात्री लावावी लागते.

पॅकेट ट्रेसर राउटरची नक्कल करतो, तर जीएनएसथ्री खरं आयओएस (सिस्को राउटरची ऑपरेटिंग सिस्टिम) चालवतो. जुन्या ३७२५, ३७४५, ७२०० या मॉडेलांसाठी डायनामिप्सवर, नव्या आयओएसव्हीसाठी क्यूएमूवर; हे दोन्ही हार्डवेअरची नक्कल करणारे प्रोग्राम. (आयओएसची फाइल जीएनएसथ्रीसोबत येत नाही, ती रीतसर मिळवावी लागते.) राउटर खरा, तार मात्र खोटी. दोन नोडमधली रेघ म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याला यूडीपीवर पाठवलेली फ्रेम. मधे व्होल्टेज नाही, वाहक सिग्नल नाही. त्यामुळे इथरनेट पोर्टला समोरचं टोक जिवंत आहे की नाही हे कळतच नाही. नांदेडचं पोर्ट शट करा, परभणीवर निवांत ‘अप, अप’ दिसत राहील. आणि रेघेवरचा हिरवा ठिपका फक्त एवढंच सांगतो की तो नोड सुरू केलाय. पोर्टचा आणि त्याचा काही संबंध नाही. पॅकेट ट्रेसरवरून इथे येणारा विद्यार्थी बहुतेक याच हिरव्यावर फसतो.

सिरियल त्यातल्या त्यात खरं बोलतं. एचडीएलसी दर १० सेकंदांनी कीपअलाइव्ह पाठवतं. समोरून तीनेक आले नाहीत की, म्हणजे साधारण अर्ध्या मिनिटात, प्रोटोकॉल ‘डाऊन’ होतो. डायनामिप्समध्ये क्लॉक रेटची गरज नसते, त्यामुळे तो शोधत बसू नका.

इथरनेटसाठी दुसरा साक्षीदार लागतो. पहिला ‘शो सीडीपी नेबर्स’ (सीडीपी म्हणजे सिस्को उपकरणांनी शेजाऱ्याला आपली ओळख सांगायचा प्रोटोकॉल). सीडीपीला आयपी लागत नाही आणि तो दर ६० सेकंदांनी बोलतो. शेजाऱ्याचं नाव, आपलं पोर्ट आणि त्याचं पोर्ट एकाच ओळीत दिसतं, म्हणजे पोर्ट चुकलं असेल तर तेही लगेच कळतं. मात्र शेजारी गेल्यावरही त्याचं नाव १८० सेकंद यादीत राहतं, तेव्हा होल्डटाइमचा आकडा वाढतोय की नुसताच उतरतोय ते बघा. ‘सीडीपी इज नॉट इनेबल्ड’ असं उत्तर आलं तर दोन्हीकडे ‘सीडीपी रन’ द्या. दुसरा साक्षीदार ‘शो एआरपी’. शेजाऱ्याच्या आयपीसमोर ‘इन्कम्प्लीट’ असेल तर आपण हाक मारतोय आणि ओ येत नाही.

तिसरा आणि सगळ्यात भरवशाचा म्हणजे रेघेवर राइट क्लिक करून ‘स्टार्ट कॅप्चर’. वायरशार्क (तारेवरची पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) उघडतो. परभणीवरून पिंग सुरू ठेवा. ‘हू हॅज १०.०.२३.२’ अशा विचारणा एकामागून एक दिसतात पण उत्तर नाही, तर परभणी बरोबर आहे आणि नांदेडचं पोर्ट बंद आहे किंवा पत्ता चुकलाय. विचारणाच दिसत नसेल तर परभणीचं पॅकेट दुसऱ्याच पोर्टातून जातंय. आणि दोन्ही टोकांकडून फ्रेम निघतात पण रेघ ओलांडत नाहीत, असं दिसलं तर दोष राउटरांत नाहीच. एक नोड विंडोजवर आणि दुसरा जीएनएसथ्री व्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीन) असेल तर फायरवॉल मधला यूडीपी अडवत असते. जीएनएसथ्रीला फायरवॉलमध्ये परवानगी द्या, किंवा दोन्ही नोड एकाच ठिकाणी, शक्यतो व्हीएममध्ये ठेवा. अॅप आणि व्हीएमची आवृत्ती तंतोतंत एकच हवी.

३७२५ ला एनएम-१६ईएसडब्ल्यू कार्ड लावलं असेल तर त्याची १६ पोर्टं स्विचची असतात. त्यांच्यावर थेट आयपी बसत नाही. राउटरचं पोर्ट हवं तर एनएम-१एफई-टीएक्स. ७२०० वर ‘डुप्लेक्स मिसमॅच’ची ओळ दर मिनिटाला कन्सोलवर येते, एक बाजू हाफ आणि दुसरी फुल असल्याने. लिंक तिने अडत नाही, पण टाइप करताना त्रास होतो. पोर्टवर ‘डुप्लेक्स फुल’ दिलं की थांबते.

राहता राहिली लिंक, जी उठते आणि पडते. ओएसपीएफचा (राउटिंग प्रोटोकॉल) शेजारी येतो, दोन मिनिटांनी जातो, परत येतो. इथे कॉन्फिगरेशन सोडून आधी टास्क मॅनेजर उघडा. डायनामिप्सचा राउटर काही काम नसतानाही प्रोसेसरचा एक कोर पूर्ण खातो, कारण खरं आयओएस रिकाम्या वेळी गोल गोल फिरत असतं आणि तो फेराही इमानेइतबारे चालवला जातो. दोन कोरच्या लॅब मशीनवर असे चार राउटर लावले की हॅलो पॅकेट वेळेवर निघतच नाही. इथरनेटवर ओएसपीएफ दर १० सेकंदांनी हॅलो मागतो आणि ४० सेकंदांत एकही आला नाही तर शेजारी मेला असं धरतो. उपाय आयडल-पीसी, म्हणजे आयओएस रिकामं कुठे फिरतंय हे डायनामिप्सला सांगणारी किंमत. राउटर पूर्ण बूट होऊन प्रॉम्प्टवर शांत बसला की त्यावर राइट क्लिक करून ‘ऑटो आयडल-पीसी’ घ्या, किंवा यादीतली चांदणी असलेली किंमत निवडा. एका इमेजला एकदाच करावं लागतं, त्या इमेजचे सगळे राउटर तीच वापरतात. १०० टक्क्यांवरचा प्रोसेसर त्याच क्षणी खाली येताना दिसला पाहिजे. नाही आला तर दुसरी किंमत. आयओएसव्हीला आयडल-पीसी लागत नाही, पण प्रत्येकी ५१२ एमबी रॅम लागते आणि व्हर्च्युअलायझेशन बायोसमध्ये चालू असावं लागतं. ४ जीबीच्या मशीनवर विंडोज आणि व्हीएम धरून असे चार राउटर मांडायच्या भानगडीत पडू नका. ३७२५ ला १२८ एमबी पुरतात, आणि राउटिंग शिकायला त्याच्यात काही कमी नाही.